मावळतीचा चतकोर

आमचं गाव आता पुण्यात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा नव्हतं, मग एक दिवस सगळे म्हणाले गाव महापालिकेत गेलं, पण गाव कुठं गेलं नाही, होतं तिथंच राहिलं, फक्त कचऱ्याची गाडी यायला लागली. मागं गड आहे. रविवारी शहरातली माणसं गाड्या काढून गडावर पिठलं-भाकरी खायला जातात ती आमच्या दारावरून जातात, वर जाताना हॉर्न वाजवतात आणि खाली येताना दही मागतात. गडाच्या पायथ्याला आमचं शेत, शेताला लागून गायरान, आणि गायरानात ती टेकाडं.

लांबून बघितलं तर काही नाही, गवत आलेले उंचवटे. जवळ गेलं की दिसतं, सगळ्यात मोठ्या टेकाडाभोवती दगडांचं गोल रिंगण आहे, एकेक दगड बसलेल्या म्हशीएवढा. ते कोणी आणले, कधी आणले, गावात कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की म्हातारी माणसं म्हणायची, गडाच्या आधीपासनं हाय. झालं. गडाच्या आधी म्हणजे कधी, ते कोणी सांगायचं नाही. आजूबाजूची जमीन सगळी काळी, ह्या एका टेकाडाची माती मात्र राखेसारखी पांढरट.

त्या मातीवरूनच मला कळलं होतं.

माझी पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा चांगली दूध ओढत होती, मग ओढायची थांबली, मग परत दवाखाना, आणि मग काहीच नाही. आमच्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बायका बरोबर जात नाहीत. आई तर नाहीच नाही. आणि कुठं पुरलं ते आईला सांगतही नाहीत, सांगितलं तर ती रोज तिथं जाऊन बसेल आणि पुढचं मूल टिकणार नाही म्हणतात. सासरे आणि माझा नवरा तिला घेऊन गेले. मी आतल्या खोलीत, सासूबाई दाराला पाठ लावून बसलेल्या. दोघं परत आले तेव्हा सासऱ्यांच्या पायाला पांढरी माती होती. त्यांनी अंगणात उभं राहून पाय धुतले, पाणी दुधासारखं झालं, ते मी खिडकीतून बघितलं. बास, एवढंच मला माहीत. टेकाडात आहे. पण टेकाड केवढं मोठं, त्यात कुठं, ते नाही.

मग मला मुलगा झाला, आणि पहिलीबद्दल घरात कोणी बोलेना. मीही नाही. मला तशी बोलायची सवयच नव्हती. नववीत शाळा सुटली, लगेच लग्न, आणि सासरी सगळ्यांच्या वाटचं सासूबाईच बोलायच्या. परका माणूस दारात आला की माझ्या छातीत धडधडायचं. बँकेत जायची भीती, रस्ता ओलांडायची भीती, फोनवर कोणी इंग्रजीत बोललं की फोन ठेवून द्यायचा. असं माझं चाललेलं होतं.

मुलगा रांगायला लागला तेव्हा त्या मॅडम आल्या.

पन्नाशीच्या असतील. सुती साडी आणि साडीखाली बूट, हे मी पहिल्यांदाच बघितलं. राहायला सदाशिव पेठेत, कॉलेजात शिकवतात आणि सुट्टीत जुन्या जागा खणतात. बरोबर कॉलेजची मुलं-मुली, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. आमचं शेत टेकाडाला लागून म्हणून त्या पहिल्यांदा आमच्याच अंगणात आल्या, आणि ते कळल्यावर गावातली चार म्हातारी माणसं येऊन बसली.

"हे रिंगण म्हणजे पुरायची जागा आहे," मॅडम म्हणाल्या. "हजारो वर्षांपूर्वीची. तेव्हा वर गडही नव्हता."

"मग सोनं घावंल का?" एक म्हातारबा म्हणाले.

"सोनं असतं तर तुमच्या पणजोबांनी ठेवलं असतं का?" मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, पण बाकी सगळे हसले.

मी आत चहा ओतत होते. खणणार, हे ऐकलं आणि ओतता ओतता थांबले. माझी पोरगी त्या टेकाडात आहे आणि ही माणसं टेकाड खणणार. ट्रे घेऊन कशीबशी दारात आले तेवढ्यात मॅडमनी विचारलंच.

"एक स्पष्ट सांगा. यात अलीकडचं काही पुरलंय का? गावातलं? असेल तर आम्ही त्याला हात लावत नाही. पण सांगायला पाहिजे."

एकानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. मग सगळे एकदम म्हणाले, "न्हाई, काय न्हाई."

सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणतात. दादा म्हणाले, "उगवतीकडनं खणा मॅडम. मावळतीला निस्ता खडक हाय, हत्यारं मोडत्याल."

आता त्यांना खोटं बोलायचं होतं असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा तिथंच दादांच्या मांडीला धरून उभा राहायला बघत होता. आमच्यात घरात तान्हं मूल असलं की गेलेल्या मुलाची गोष्ट काढत नाहीत, काढली तर ते ह्याला बोलावून नेतं म्हणतात. अंगणात बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी लहान होतंच. तोंडानं सांगायचं नाही आणि जागाही राखायची, म्हणून दादांनी खडकाची युक्ती काढली. मला मात्र त्यांच्या बोलण्यातून एकच कळलं, की मावळतीला आहे.

चहा बशीत सांडला. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"न्हाई," मी म्हणाले आणि आत पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामाला निघाले होते. खराडीला कंपनीची गाडी चालवतात, तिथल्या मोठ्या मोठ्या ऑफिसातल्या लोकांना ने-आण करतात. पायरीवर बसून बूट घालत होते, मी डबा हातात दिला आणि जीव मुठीत धरून विचारलं.

"अहो, तिला कुठं ठेवली?"

"कुणाला?" म्हणाले, आणि मग बुटाची नाडी हातात तशीच राहिली. नाडीकडंच बघत म्हणाले, "मी रिंगणाच्या भाईर उभा होतो गं. मला बघवंना. दादांनीच सगळं केलं."

"मग दादांना विचारा ना."

"तू विचार."

"मी?"

"मग मी कसं विचारू?"

आणि गेले. खराडी म्हणजे पुण्याचं पार दुसरं टोक, एकदा गेले की दिवस गेला. मी डोळे पुसले आणि भाकरी थापायला बसले.

मॅडमना कामाला बायका पाहिजे होत्या, माती वाहायला आणि चाळायला. आमच्या आळीतल्या बऱ्याच निघाल्या, सासूबाईही निघाल्या. मी म्हणाले मीपण येते. सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. एरवी मी देवळात जायलाही कोणाची तरी सोबत मागायची.

"लेकरू कुणापाशी ठिवणार?"

"बांधावरच्या बाभळीला झोळी बांधते. रिंगणाच्या आत नाही नेत."

"येडी हायस का? तान्हं लेकरू घिऊन टेकाडाला?" असं म्हणत म्हणत त्यांनीच त्याच्या कानामागं काजळाचं बोट लावलं, दंडाला बिब्बा बांधला, आणि झोळी कशी बांधायची ते मला येत असूनही दाखवलं.

मला जायचं होतं कारण मला तिथं असायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं. थांबवायचं वगैरे नाही, माझी काय हिंमत. पण तिला कोणी बाहेर काढणारच असेल तर निदान मी तिथं असावी. चाळणीत ती परक्या हातात कशाला जायला पाहिजे.

पहिला दिवस गवत काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मुलांनी खुंट्या आणि दोऱ्या आणल्या. टेकाडाच्या बरोबर मधे एक खुंटी ठोकली आणि तिथून चार दिशांना दोऱ्या ताणल्या, म्हणजे गोल टेकाडाचे चार भाग झाले. आम्ही बायका बघत बसलो होतो. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "कळलं का काय करतोय ते? ही भाकरी समजा. चार चतकोर केले. सगळी भाकरी आपण खात नाही. समोरासमोरचे दोन चतकोर खणायचे आणि दोन तसेच ठेवायचे, पुढच्या लोकांसाठी. उद्या कोणी आमच्यापेक्षा हुशार जन्माला आला तर त्याला काहीतरी राहायला पाहिजे."

"तुमच्यापेक्षा हुशार कोण येतंय," आळीतली एक म्हणाली.

"पुण्यात सगळेच येतात," मॅडम म्हणाल्या.

सगळ्या हसल्या, मी नाही हसले. मी हाताच्या बोटांवर मांडत होते. समोरासमोरचे दोन. दादांनी सांगितलं उगवतीकडून खणा, म्हणून मॅडमनी उगवतीचा वरचा, गडाकडचा चतकोर घेतला. मग त्याच्या समोरचा कुठला? भाकरी मी रोज मोडते. समोरचा म्हणजे मावळतीचा, खालचा. एक उगवतीचा घेतला की दुसरा मावळतीचा येणारच, तो कसा चुकेल? दादांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं एका बाजूनं खड्डा करतील आणि जातील, विहीर खणतात तसं.

मी वळून बघितलं. दादा आमच्या बांधावर बसून सगळं बघत होते. एक मुलगा मावळतीच्या खालच्या चतकोरात गेला, पांढरी फक्की टाकून त्यानं कड आखली, आणि दुसऱ्यानं टिकाव आणला. तसे दादा उठून उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. पाऊल पुढं टाकलं नाही, पण त्यांची नजर एका जागी गेली, रिंगणातल्या एका आडव्या दगडाच्या आतल्या बाजूला, आणि तिथून हलेना.

मला कळलं.

त्या पोरानं टिकाव उचलला. माझ्या कानात नुसतं घूं घूं व्हायला लागलं, हातातलं घमेलं कधी पडलं कळलं नाही, मी दोरी ओलांडून रिंगणात शिरले आणि ओरडले. आयुष्यात तसं कधी ओरडले नव्हते, बाळंतपणातही नाही.

"थांबा! तिथं माझी पोरगी हाय!"

सगळे झोळीकडं पळाले. खरंच. त्यांना वाटलं माझं मूल झोळीतून पडलं आणि रांगत तिकडं आलं. टिकाववाल्या पोरानं टिकाव टाकून दिला आणि तो आपल्याच पायाखाली बघायला लागला. झोळीत मुलगा झोपलेला होता, तो त्या गोंधळानं उठला आणि रडायला लागला.

"अहो, तुमचं बाळ झाडाला आहे," मॅडम म्हणाल्या. "तो मुलगा आहे ना? पोरगी कुठली?"

"ती आधीची," मी म्हणाले. "त्याच्या आधीची. इथं ठेवलीय तिला. तुम्ही तिथं खणू नका. माझ्या अंगावरनं जावा पण तिथं खणू नका."

आणि मी तिथं खाली बसले. बसले म्हणजे बसवलं पायांनी. उभं राहवेना.

सासूबाई धावत आल्या. मला वाटलं आता मारतात. खाली वाकून माझा दंड धरला आणि दातओठ खात म्हणाल्या, "गप. गप म्हणते ना. लेकरू जागं झालंय, ऐकतंय ते. ऊठ हितनं."

"नाही उठत."

मी सासूबाईंना नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचा हात माझ्या दंडावर तसाच राहिला.

मॅडम दादांकडं गेल्या. मोठ्यानं नाही बोलल्या, पण सगळ्यांचे कान तिकडंच होते.

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या अंगणात, तुमच्या घरचा चहा पिऊन. तुम्ही म्हणालात खडक आहे."

"आमच्यात बोलत न्हाईत, मॅडम," दादा म्हणाले. टोपी हातात फिरवत होते. "लेकरं असत्यात घरात."

"मग आम्हाला स्वप्न पडायला हवं होतं का?"

दादा मान खाली घालून उभे. माझं काळीज तुटलं खरं तर, एवढा मोठा माणूस, गावात कोणी त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलत नाही. मला वाटलं हे माझ्यामुळं झालं, आता घरात माझं काय होणार. पण उठले नाही. ती आडव्या दगडाची जागा माझ्यापासून हातभर लांब होती आणि मी तिथून हलणार नव्हते.

तेवढ्यात माझ्या दंडावरचा हात सुटला. सासूबाई सरळ उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि दादांकडं बघून म्हणाल्या, "आणि माझी?"

दादांनी मान वर केली.

"माझी कुठं हाय?" सासूबाई म्हणाल्या. "थोरल्याच्या आधीची. का तिलाबी खडकात घातली?"

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. घरात सगळ्यांच्या वाटचं बोलणारी बाई, आणि एवढी वर्षं ही एक गोष्ट तोंडातून बाहेर काढली नव्हती. दादा सावकाश चालत आले. दोरीजवळ थांबले, मग दोरी ओलांडली, रिंगणात आले. माझ्यापासून चार पावलांवर एक जागा होती, त्यांनी चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्यानं दाखवली.

"हितं. माझ्या बापानं खणलं. मी ठिवली."

सासूबाई तिथं जाऊन उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरी जागा हाय. गडाचा वारा लागतो."

आणि मग काय विचारता. आमच्या आळीतल्या बायका एकेक करून दोरी ओलांडून आत आल्या. ज्या मघाशी भाकरीच्या गोष्टीवर हसत होत्या त्या. एक म्हणाली माझा मुलगा, एक म्हणाली माझी जाऊ होती तिचे दोन, ती आता नाही पण मी विचारते. एक म्हातारी तर काठी टेकत आली आणि म्हणाली, "माझ्या सासऱ्याला इचारा म्हणलं असतं, पन त्यो वर गेलाय, आता मीच जाईन तवा इचारीन," आणि तशा त्या रडारडीत सगळ्या हसल्या. गावात निरोप गेला. बाप्ये यायला लागले, कोणी देवळातून, कोणी दुकानावरून, एक तर अर्धी दाढी झालेला तसाच आला. यायचे आणि रिंगणाबाहेर अडायचे.

"काय झालंय काय?"

"या की आत! तोंड न्हाई तर बोटानं दाखवा!" सासूबाई ओरडत होत्या. "इतके दिस गप ऱ्हायलासा, आता मुकाट्यानं दाखवा!"

मॅडमनी फक्कीची पाटी दादांच्या हातात दिली. "तुम्हाला बोलायचं नाही ना? नका बोलू. जिथं आहे तिथं टाका."

बोलायचं नाही म्हटल्यावर ते जमलं त्यांना. दादांनी पहिली चिमूट टाकली. मग ती पाटी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. बैलगाडा शर्यतीची पळायची वाट आखावी तसे ते म्हातारे वाकून वाकून ठिपके टाकत होते आणि मधेच एकमेकांशी भांडत होते, अरे त्यो न्हाई, त्यो माझ्या चुलत्याचा, जरा सरक. मावळतीचा खालचा चतकोर ठिपक्या ठिपक्यांचा झाला. बाकीच्या तीनांत एक ठिपका नाही. सगळी पोरं एका जागी. मला बघून असं भरून आलं, की माझी एकटी नव्हती तिथं.

मॅडम कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांच्याबरोबरचा एक मुलगा वही छातीशी धरून म्हणाला, "मॅम, पण सगळा लेआउट मार्क झालाय. ड्रॉइंग रेडी आहे. आता चेंज केलं तर सगळं परत..."

"खोडरबर आहे का तुझ्याकडे?"

"आहे मॅम."

"मग ज्यासाठी घेतलंस त्यासाठी वापर."

आणि त्या माझ्याकडं आल्या. मी अजून खालीच बसलेली. माझ्या शेजारी त्या चक्क मातीत बसल्या, बूट पसरून. म्हणाल्या, "हे बघा. दोन चतकोर असे नाही तर तसे. आम्ही दुसरे दोन घेतो. हा अख्खा तसाच राहील. ही माझी पद्धतच आहे, उपकार नाही. चालेल तुम्हाला?"

मला विचारलं त्यांनी. दादांना नाही, गावचे जुने सरपंच आलेले त्यांना नाही, मला. चालेल तुम्हाला?

"चालेल," मी म्हणाले.

"मग उठा. खुंट्या तुम्हीच हलवा."

मी उठले आणि खुंटी दोन्ही हातांनी धरून उपटली. सासूबाईंनी दोरी धरली. दुसरीकडं नेऊन मी ती ठोकली, पहिला घाव बोटावरच बसला, पण थांबले नाही, ठाणठाण ठोकली, गडावर ऐकू गेलं असेल. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मुलगा झोळीत ओरडून ओरडून लाल झाला होता, तर त्याला कोणीतरी आणून माझ्या काखेत दिला. रिंगणाच्या आत. कोणाच्या लक्षातही आलं नाही, सासूबाईंच्याही नाही. की आलं होतं, कोण जाणे.

दादांना मी त्याच वेळी विचारलं. आता तोंड उघडलंच होतं. "दादा, आडव्या दगडापाशी ना?"

ते माझ्याशी कधी थेट बोलायचे नाहीत, सासूबाईंना सांगायचे, तिला सांग म्हणून. त्या दिवशी माझ्या बरोबर आले आणि दगडाच्या आत बोट दाखवून म्हणाले, "हितं. डोकं गडाकडं केलंय." मग दगडावर हात ठेवला. "खोल केलंय पोरी. कुतरं-बितरं न्हाई येत."

मी तिथं बसले, मुलाला पाजलं आणि उठून चाळण घ्यायला गेले, कारण अर्धा दिवस वाया गेला होता आणि मॅडम ओरडायला लागल्या होत्या.

पुढं काम आठवडेच्या आठवडे चाललं. उगवतीच्या खालच्या चतकोरात खोल गेल्यावर एक दिवस मॅडमनी सगळ्यांना हात थांबवायला लावला. ब्रशानं माती काढत काढत दोन मडकी दिसली, आडवी, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला लावलेलं. आत माती भरलेली, आणि त्या मातीत एवढी एवढी हाडं, चिमणीची म्हणाल तर खरं वाटेल. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "लहान मूल आहे. त्या काळात असंच ठेवायचे."

बायका वाकून बघत होत्या. कोणी घाबरलं नाही. मला तर इतकी भीती वाटायची हाडांची, पण मी बघितलं आणि काय वाटलं सांगू, आनंद झाला. हजारो वर्षांपूर्वीची कुठली ती बाई, तिचं मूल असं दोन मडक्यांत नीट झाकून ठेवलेलं, आणि गड बांधला, गाव बसलं, आणि शेवटी ते सापडलं तर कुणाच्या हातात, आमच्या. सासूबाई म्हणाल्या, "मडकं चांगलं भाजलंय बाई." मग मॅडमना विचारलं, "ह्याला पुण्याला नेणार?"

"न्यावं लागेल. अभ्यास करायचाय."

"नीट न्या. झोळीत बांधू का?"

मॅडम पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "बांधा," म्हणाल्या. "आमच्या पेट्यांपेक्षा बरी दिसेल." आणि सासूबाईंनी खरंच बांधून दिली, मऊ लुगड्याची, पेटीच्या आत.

खणणं संपलं तेव्हा दोन चतकोर परत बुजवले, एक पाटी लागली, कुंपणाला तार आली. आमच्या बायका आता तिथं उघड उघड जातात. कोणी लपून जात नाही. कोणाच्या पुढच्या लेकराला काही झालेलं नाही, माझा मुलगा तर इतका दांडगा आहे की टेकाडावरून घसरगुंडी करतो आणि मला त्याच्या मागं पळून पळून धाप लागते. मला अजून रस्ता ओलांडायची भीती वाटते. बँकेत मी ह्यांनाच पाठवते.

पण टेकाडावर नाही वाटत. मागच्या रविवारी गडावरून उतरलेली मंडळी तार वाकवून आत शिरली होती, बायका-पोरं, चष्मेवाले एक काका, सगळे मावळतीच्या चतकोरात बसून शेंगा खात फोटो काढत होते. एक जण तर आडव्या दगडावर चढलेला. मी शेतातून बघितलं आणि हातात खुरपं होतं तशीच गेले. छातीत धडधडत होतं, नाही असं नाही.

"उतरा खाली," मी म्हणाले. "तिकडं बसा, उगवतीला. इथं नाही बसायचं."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. शेंगेचं टरफल बाजूला टाकलं आणि म्हणाले, "का हो बाई? आपली जहागीर आहे वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "माझी आहे. आणि टरफलं उचला."

काकांनी वाकून टरफलं गोळा केली, खिशात घातली, आणि सगळ्यांना घेऊन पलीकडं गेले.